दिवे नुसते मिचकतात, पण पाश्चरायझर आणि फिलर दोन्ही पडतात: सुरुवात कुठून करायची?

लाइन_तीन (प्रश्न)

मंडळी, दूध आणि फळांच्या रसाचा प्लांट आहे. ताशी १०,००० लिटरचा पाश्चरायझर, एक यूएचटी (अतिउच्च तापमानाला निर्जंतुक करणारी लाइन) आणि त्यामागे ॲसेप्टिक (निर्जंतुक) टँक, दोन फिलर, अमोनिया कॉम्प्रेसरवर चालणारं ग्लायकोल चिलिंग. ट्रान्सफॉर्मर एकच: १००० केव्हीए, डेल्टा-स्टार, इम्पिडन्स ५ टक्के, दुय्यम बाजूला ४०० व्होल्ट, ५० हर्ट्झ. ड्राइव्ह (मोटरचा वेग बदलणारे) सगळे मिळून साधारण ३५० किलोवॉट, सहा-पल्सवाले (साध्या सहा डायोडच्या रेक्टिफायरचे), चोक (करंटची उसळी दाबणारी कॉइल) कुठेच नाही. पॉवर फॅक्टर सुधारणारी कपॅसिटर बँक ४०० केव्हीएआर, तीही रिॲक्टरशिवाय.

वीज जात नाही. दिवे एकदा मिचकतात आणि तेवढ्यात:

१. यूएचटीचा पीएलसी (यंत्र चालवणारा नियंत्रक) रीस्टार्ट होतो किंवा होमोजिनायझर (जोरदार दाबाने दूध एकजीव करणारा पंप) ट्रिप होतो. लाइनचं निर्जंतुकपण गेलं असं धरून सीआयपी (लाइन न उघडता आतून धुणं) आणि पुन्हा स्टेरिलायझेशन, म्हणजे दोन-तीन तास गेले.
२. कॉम्प्रेसर फेज-रिलेवर (तिन्ही फेजचं व्होल्टेज आणि असमतोल बघणारा रिले) पडतो आणि टायमरमुळे लगेच सुरू होत नाही.
३. फिलरचे दोन ड्राइव्ह रोज सकाळी जवळपास एकाच वेळेला ‘ओव्हरव्होल्टेज’ दाखवून थांबतात. तेव्हा दिवे मिचकतही नाहीत.
४. चेकवेयरचं (पॅक तोलणाऱ्या काट्याचं) वजन अधूनमधून नाचतं. भरलेले पॅक विनाकारण रिजेक्ट होतात.

अख्ख्या प्लांटला यूपीएस बसवावा, असा एक प्रस्ताव टेबलावर आहे. माझ्या मते हे चार वेगवेगळे आजार आहेत. अनुभवी लोकांनी क्रम सांगावा.


पॅनेलमधला_उंदीर

चार आजार आहेत हे बरोबर, आणि अख्ख्या प्लांटचा यूपीएस हे त्यातल्या दीड आजाराचं औषध आहे. तिसऱ्या आणि चौथ्याला तो फारसा उपयोगी नाही. पहिल्या दोघांचं बोलतो.

दिवे मिचकले म्हणजे व्होल्टेज डिप झाला. शेजारच्या फीडरवर कुठेतरी शॉर्ट झाला, तिथला ब्रेकर उघडेपर्यंत तुमच्याकडचं व्होल्टेज बसलं आणि परत आलं. असा डिप बहुतेक वेळा काही सायकलींचाच असतो, ६० ते २०० मिलिसेकंद. इतक्या वेळात पंपाचा जडपणा फारसा संपत नाही, टाकीचं तापमान हलत नाही. प्रक्रियेला काहीही झालेलं नसतं. थांबतं ते नियंत्रण, आणि त्यातही बहुधा एखादा किरकोळ भाग.

कोण आधी पडतं, ते बघा.

एसी कॉइलचे छोटे प्लग-इन रिले सगळ्यांत नाजूक. व्होल्टेज ७० टक्क्यांच्या आसपास आलं की एक-दोन सायकलींत सुटतात. ‘सगळं ठीक आहे’ सांगणारा मास्टर कंट्रोल रिले याच जातीचा असेल, तर बाकी यंत्र कितीही दणकट असो, ते पडणारच.

त्यानंतर एसी कॉन्टॅक्टर (मोटरला वीज जोडणारा मोठा स्विच). आयईसी ६०९४७-४-१ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे तो ८५ टक्के व्होल्टेजवर उचललाच पाहिजे, पण सुटण्याची मर्यादा ७५ ते २० टक्क्यांच्या मध्ये कुठेही चालते. म्हणून एकाच मापाचे दोन मेकचे कॉन्टॅक्टर एकाच डिपला वेगळे वागतात. वेव्हच्या कोणत्या बिंदूवर डिप सुरू झाला यावरही ते ठरतं, त्यामुळे ‘परवा याच डिपला पडला नव्हता’ हे ऐकून गोंधळू नका.

मग पीएलसीचा २४ व्होल्ट पॉवर सप्लाय. पूर्ण लोडवर तो इनपुट गेल्यावर साधारण २० मिलिसेकंद तग धरतो, अर्ध्या लोडवर जवळपास दुप्पट. पण १०० ते २४० व्होल्ट असा वाइड-रेंज सप्लाय २३० वर चालवलात, तर बरेचसे ८५ व्होल्टपर्यंत, म्हणजे ३७ टक्क्यांपर्यंत, चालत राहतात. जुना ‘फक्त २३०’वाला काढून वाइड-रेंज लावणं, तोही अर्ध्याच लोडवर, हा या धाग्यातला सगळ्यांत स्वस्त उपाय. डिझाइनमध्ये वाव असेल तर तीन फेजचा सप्लाय घ्या. एक फेज गेली तरी तो चालतो.

ड्राइव्हबद्दल एक गैरसमज फार आहे: ‘आत एवढे मोठे कपॅसिटर आहेत, ते सांभाळून घेतील.’ हिशोब करा. ४०० व्होल्टच्या ड्राइव्हचा डीसी बस ५६६ व्होल्टच्या आसपास. १५०० मायक्रोफॅरड धरा आणि ४०० व्होल्टला अंडरव्होल्टेज ट्रिप धरा. ५६० वरून ४०० पर्यंत उतरताना मिळणारी ऊर्जा साधारण ११५ ज्यूल. मोटर १५ किलोवॉट ओढत असेल तर हे ७.७ मिलिसेकंदांत संपलं. अर्धी सायकलसुद्धा नाही! ड्राइव्हला वाचवतात त्या उरलेल्या फेज किंवा मोटरला जोडलेल्या वस्तुमानाची गती.

ती गती वापरायची म्हणजे ड्राइव्हमधलं कायनेटिक बफरिंग (फिरत्या मोटरकडूनच बसला ऊर्जा घेणं) सुरू करायचं. सेपरेटर आणि मोठे पंखे यांच्याकडे जडत्व भरपूर, तिथे हे उत्तम चालतं. होमोजिनायझर किंवा पॉझिटिव्ह पंपाला जडत्व जवळपास नाहीच, दाबाविरुद्ध तो लगेच बसतो, तिथे फायदा शून्य. अशा ठिकाणी फ्लाइंग स्टार्ट (फिरती मोटर आहे त्या वेगावरून परत पकडणं) आणि मर्यादित ऑटो-रीस्टार्ट (एक-दोनदा, अर्ध्या सेकंदाच्या आत) हा पर्याय. मात्र ज्या यंत्रात माणसाचा हात जातो तिथे ऑटो-रीस्टार्ट देऊ नका. मिक्सर, फिलरचं कॅरोसेल, ऑगर, यांना नाही.

कॉम्प्रेसरचा फेज-रिले उघडून बघा. बहुतेक वेळा कारखान्यातून आलेली सेटिंग जशीच्या तशी असते: अंडरव्होल्टेज १० टक्के, असमतोल ५ टक्के, डिले ०.१ सेकंद. म्हणजे ०.१ सेकंदाहून लांबणाऱ्या प्रत्येक डिपला पडायची हमी. डिले एक-दोन सेकंद करा, कॉम्प्रेसर बनवणाऱ्याला विचारून. फेजचा क्रम उलटा झाला तर मात्र लगेच ट्रिप हवाच, तो डिलेत अडकवू नका. आणि फेज-रिले सावरला तरी कॉन्टॅक्टरची कॉइल एसी असेल तर तीच पुढची कमकुवत कडी.

हे सगळं करायच्या आधी मोजा. क्लास ए चा (आयईसी ६१०००-४-३०) ॲनालायझर इनकमरवर आणि शक्य तर दुसरा यूएचटीच्या पॅनेलवर, किमान चार आठवडे. ट्रिगर ९० टक्के, हिस्टेरिसिस २ टक्के, अर्ध्या सायकलीचा आरएमएस, वेव्हफॉर्म कॅप्चर चालू. फेज-फेज आणि फेज-न्यूट्रल दोन्ही नोंदवा, आणि करंटही. डिपच्या वेळी करंट उसळला तर दोष तुमच्याच आत, नाही उसळला तर बाहेर. ॲनालायझर, पीएलसी आणि एचएमआय (ऑपरेटरची स्क्रीन) यांची घड्याळं जुळवून ठेवा. घड्याळात चार मिनिटांचा फरक असला की नोंद कागदाच्याही किमतीची राहत नाही.


होल्डिंग_ट्यूब

वरचं सगळं पटलं. प्रक्रियेच्या बाजूने एक अडथळा घालतो: सगळंच तगवायचं नसतं.

पाश्चरायझरचा फ्लो डायव्हर्जन व्हॉल्व्ह स्प्रिंगने डायव्हर्टकडे परततो. हवा गेली, वीज गेली की दूध परत बॅलन्स टँकमध्ये. हे मुद्दाम केलेलं आहे. ७२ अंश सेल्सिअस आणि १५ सेकंद झालेलंच दूध पुढे जावं म्हणून. या व्हॉल्व्हच्या सोलेनॉइडला बफर देऊन ‘डायव्हर्ट कमी झाले’ असं कुणी मिरवत असेल तर तो चुकीची गोष्ट सुधारतोय. बफर हवा तो तापमानाच्या ट्रान्समिटरला, रेकॉर्डरला आणि पीएलसीला, म्हणजे निर्णय घेणाऱ्याला. निर्णय डायव्हर्टचा असेल तर व्हॉल्व्हला तात्काळ पडू द्या.

डिपनंतर धोका थांबण्यात कमी आणि परत सुरू होण्यात जास्त आहे. फ्लो पंप फ्लाइंग स्टार्टने परत पकडला आणि क्षणभर ठरलेल्या वेगाच्या वर गेला, तर होल्डिंग ट्यूबमधला वेळ १५ सेकंदांपेक्षा कमी. त्याच वेळी गरम पाण्याचा पंप किंवा वाफेचा व्हॉल्व्ह अजून सावरत असतो. म्हणून कमाल वेगाची सील केलेली मर्यादा ड्राइव्हच्या पॅरामीटरमध्येही आहे का ते बघा, आणि रीस्टार्टनंतर तापमान स्थिर होईपर्यंत डायव्हर्टच ठेवा.

दुसरी जागा रीजनरेटर (गरम पाश्चराइज्ड दुधाने येणारं कच्चं दूध तापवणाऱ्या प्लेट). पाश्चराइज्ड बाजूचा दाब कच्च्या बाजूपेक्षा जास्त असलाच पाहिजे. बूस्टर पंप चालू राहिला आणि पुढचा पडला, तर हा फरक उलटतो, आणि प्लेटला एखादं बारीक छिद्र असेल तर कच्चं दूध पाश्चराइज्ड दुधात जातं. एका पंपाला राइड-थ्रू (डिपमध्ये चालू राहण्याची सोय) देऊन दुसऱ्याला न देणं हे दोघांनाही न देण्यापेक्षा वाईट. दोघांचे ट्रिप एकमेकांना बांधा, किंवा दोघांनाही सारखंच तगवा.

यूएचटीत प्रश्न वेगळा. तिथे १३५ अंशांच्या वर काही सेकंद. प्रवाह थांबला की दूध ट्यूबच्या भिंतीवर भाजून बसतं, आणि पुढच्या सीआयपीला ते उतरवायला जास्त वेळ लागतो. म्हणून थांबायचंच असेल तर पाण्यावर जाऊन थांबावं. पीएलसी जिवंत राहिला तर तो दूध सोडून निर्जंतुक पाण्यावर जायचं ठरवू शकतो, मग स्टेरिलिटी वाचते. पीएलसीच मेला तर पुढे काहीच ठरवता येत नाही. तुमच्या पहिल्या तक्रारीतला मोठा तोटा माझ्या मते इथेच आहे.

पीएलसी परत आल्यावर तो कुठून सुरू होतो, हेही तपासा. सीआयपीचा स्टेप नंबर आणि टायमर रिटेन्टिव्ह मेमरीत नसतील तर तो शून्यावरून उठतो. कॉस्टिक फिरत असताना शून्यावर आला आणि व्हॉल्व्ह दुसऱ्या वाटेला उघडले, तर पुढे काय होईल ते सांगायला नको. उठताना तो ‘होल्ड’मध्ये उठला पाहिजे, स्टेप तीच, आणि पुढे जायला ऑपरेटरची संमती.

फिलरवर: ॲसेप्टिक झोनचा निर्जंतुक हवेचा दाब क्षणभरही मर्यादेखाली गेला असेल, तर त्या वेळी उघडे असलेले सगळे पॅक बाद. रिटॉर्ट (बंद पॅक दाबाखाली तापवून निर्जंतुक करणारं भांडं) असता तर नियम आणखी कडक. तापमान सेट-पॉइंटखाली आलं किंवा रेकॉर्डरमध्ये खंड पडला की तो बॅच डेव्हिएशन म्हणून बाजूला, एफ-शून्य (उष्णतेने किती निर्जंतुकीकरण झालं त्याचं माप) काढायला सलग नोंद लागते. कॅन सीमर थांबला असेल तर टरेटमधले कॅन काढून टाका. रोलरने अर्धवट दाबलेली सीम बाहेरून छान दिसते.

आणि प्रत्येक डिपनंतर मेटल डिटेक्टरला तिन्ही टेस्ट पीस दाखवा: फेरस, नॉन-फेरस, स्टेनलेस. रिजेक्टचा टायमिंगही बघा. रीस्टार्टनंतर बेल्टचा वेग आणि रिजेक्ट-डिले जुळलेच नाहीत, तर डिटेक्टर ओरडतो आणि ढकलला जातो शेजारचा पॅक.


रात्रपाळी

एक छोटी भर. रात्रीच्या धुलाईनंतर होणारे ट्रिप वेगळे मोजा. टर्मिनल बॉक्समध्ये पाणी शिरून आरसीडी (गळती-करंटवर वीज तोडणारा स्विच) पडतो आणि लॉगमध्ये तो ‘वीज गेली’ म्हणून चढतो. शिवाय ड्राइव्हच्या ईएमसी फिल्टरचा गळती-करंट प्रत्येकी काही मिलिॲम्पिअर असतो. तीन-चार ड्राइव्ह एका ३० मिलिॲम्पिअरच्या आरसीडीमागे असतील तर जरासा ओलावाही पुरतो. तीन फेजच्या ड्राइव्हमागे टाइप बी आरसीडीच हवा, टाइप एसी डीसी गळती ओळखत नाही. मेगर (इन्सुलेशन तपासायचं उच्च व्होल्टेजचं मीटर) लावताना ड्राइव्ह मोटरपासून सोडवून ठेवा, नाहीतर दुरुस्ती दुप्पट होईल.


पाचवा_हार्मोनिक

तिसरा आणि चौथा प्रश्न कुणी घेतलेला दिसत नाही, तर मी घेतो.

रोज सकाळी, एकाच वेळी, ओव्हरव्होल्टेज, दिवे शांत. हा कपॅसिटर स्विचिंगचा ठसा आहे. बाहेरच्या सबस्टेशनची बँक चालू होते, किंवा तुमच्याच एपीएफसी पॅनेलची (पॉवर फॅक्टरप्रमाणे बँकेचे कपॅसिटर टप्प्याटप्प्याने आपोआप जोडणारं पॅनेल) पहिली पायरी. बंद कपॅसिटर जोडला की व्होल्टेज आधी कोसळतं आणि मग हेलकावे खात सामान्य शिखराच्या वर जातं. ड्राइव्हचा बस ५६६ व्होल्ट, उसळी १.४५ पट झाली तर ८२० व्होल्ट. या वर्गातले बरेच ड्राइव्ह ८०० च्या आसपास ट्रिप होतात. काही मिलिसेकंदांचा खेळ, डोळ्याला काय दिसणार!

ट्रिपची मिनिटं एपीएफसीच्या लॉगशी जुळवा. जुळली तर दोष आपलाच, पायऱ्यांना डॅम्पिंग रेझिस्टरवाले कपॅसिटर-ड्यूटी कॉन्टॅक्टर आहेत का बघा. साधे पॉवर कॉन्टॅक्टर लावलेले असतील तर संपर्कही काळे पडलेले सापडतील. जुळली नाहीत तर उसळी बाहेरून येते. दोन्ही बाबतीत त्या दोन ड्राइव्हच्या इनपुटला ३ टक्क्यांचा लाइन चोक बसवा, बहुतेक वेळा तेवढ्यावर विषय मिटतो. चोकचा दुसरा फायदा: चोकशिवाय सहा-पल्स ड्राइव्हचा करंट टीएचडी (हार्मोनिकमुळे, म्हणजे ५० हर्ट्झच्या पटीतल्या वारंवारितांमुळे, होणारी एकूण विकृती) ८० टक्क्यांच्या वर असू शकतो, ३ ते ५ टक्क्यांच्या चोकने तो ३५ ते ४५ वर येतो.

आता तुमची बँक. ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटर मिळून ज्या हार्मोनिकला वाढवतात, त्या रेझोनन्सचा क्रम म्हणजे शॉर्ट सर्किट केव्हीए भागिले केव्हीएआर, त्याचं वर्गमूळ. १००० केव्हीए आणि ५ टक्के म्हणजे २०,००० केव्हीए. भागिले ४००, उत्तर ५०, वर्गमूळ ७.०७. सहा-पल्स ड्राइव्ह जे हार्मोनिक सगळ्यांत जास्त फेकतात त्यांतला दुसरा सातवाच! पूर्ण बँक जोडलेली असताना तुम्ही नेमके त्या खड्ड्यात उभे आहात. ३०० केव्हीएआरवर ८.२, २०० वर १०. म्हणजे एपीएफसी पायऱ्या बदलतो तसा रेझोनन्स सरकतो, आणि लोड सारखाच असताना एखाद्या दिवशी कपॅसिटरचा फ्यूज उडतो, एखाद्या दिवशी नाही.

उपाय ७ टक्के डीट्यून्ड रिॲक्टर (कपॅसिटरला मालिकेत जोडलेली कॉइल). सर्किट ३.७८ व्या क्रमाला, म्हणजे १८९ हर्ट्झला जुळतं. पाचव्याच्या खाली, त्यामुळे पाचवा आणि त्यावरचे वाढत नाहीत. पण रिॲक्टर लावला की कपॅसिटरवरचं व्होल्टेज चढतं: ४०० भागिले ०.९३, म्हणजे ४३०. जुने ४०० किंवा ४१५ व्होल्टचे कपॅसिटर तेच ठेवून नुसता रिॲक्टर जोडणं ही नेहमीची चूक. ४८० किंवा ५२५ चे घ्या, आणि जास्त रेटिंगमुळे मिळणारा केव्हीएआर घटतो तोही हिशोबात धरा.

जनरेटर असेल तर हे सगळं आणखी बिघडतं. त्याचा सबट्रान्झिएंट रिॲक्टन्स ट्रान्सफॉर्मरच्या ५ टक्क्यांपुढे दोन-तीन पट, तेवढ्याच हार्मोनिक करंटला व्होल्टेज विकृती तितक्या पटीत. जनरेटरवर जाताना कपॅसिटर बँक आपोआप बंद झाली पाहिजे. कमी लोडला पुढारलेला पॉवर फॅक्टर मिळाला की एव्हीआरच्या (जनरेटरचं व्होल्टेज सांभाळणाऱ्या नियंत्रकाच्या) हातून व्होल्टेज सुटतं.

चेकवेयर. लोडसेल २ मिलिव्होल्ट प्रति व्होल्ट, १० व्होल्ट एक्सायटेशन, म्हणजे पूर्ण क्षमतेला २० मिलिव्होल्ट. ३००० भाग केले तर एका भागाला ६.७ मायक्रोव्होल्ट. शेजारच्या ट्रेमधून ड्राइव्हची मोटर केबल जात असेल तर इतक्या सिग्नलचं काय होणार. मोटर केबल शील्डवाली, शील्ड दोन्ही टोकांना पूर्ण घेरावर क्लॅम्प केलेली. पिळून शेपटीने अर्थला जोडलेली शील्ड उच्च वारंवारितेला नसल्यासारखीच. लोडसेल केबल तिच्यापासून ३०० मिलिमीटर दूर, ओलांडायचीच असेल तर काटकोनात. आधी एक साधी चाचणी: शेजारचे ड्राइव्ह एकेक बंद करून रिकाम्या प्लेटचं वजन बघा. कोणत्या ड्राइव्हला वजन शांत होतं ते दहा मिनिटांत कळतं. कुणालाच नाही झालं तर वारा, कंपन आणि बेल्टचा जोड बघा, विजेला दोष देऊ नका.


लाइन_तीन

सगळ्यांचे आभार. ॲनालायझर लावला. एक नमुनेदार डिप: ९० मिलिसेकंद. फेज-न्यूट्रल ६१, १०० आणि ६१ टक्के. फेज-फेज ८९, ८९ आणि ४०. करंट उसळलेला नाही. यूएचटी पॅनेलचा कंट्रोल ट्रान्सफॉर्मर ४००/२३०, दोन फेजमध्ये जोडलेला, आणि नेमका ४० टक्केवाल्या जोडीवर. तो तिसऱ्या फेजवर हलवला तर काम होईल का?


पॅनेलमधला_उंदीर

नाही. पण तुमचा नमुना फार बोलका आहे.

वरच्या बाजूला एकाच फेजचा अर्थ-फॉल्ट झालाय, त्या फेजचं व्होल्टेज साधारण १० टक्क्यांवर आलंय. डेल्टा-स्टार ट्रान्सफॉर्मर तो तसाच खाली देत नाही. प्राथमिक बाजूचं फेज-फेज व्होल्टेज दुय्यम बाजूला फेज-न्यूट्रल होऊन उतरतं. म्हणून वर एक फेज बुडाली की खाली दोन फेज ६० च्या आसपास, तिसरी साबूत, आणि फेज-फेजमध्ये एक जोडी ४०, उरलेल्या ८९. तुमचे आकडे याच हिशोबात चपखल बसतात.

पण पुढचा फॉल्ट दुसऱ्या फेजवरही होऊ शकतो. मग आज निवडलेली ‘चांगली’ जोडी उद्या ४० ची असू शकते. पण दोन फेजमधून कंट्रोल ट्रान्सफॉर्मर घेण्याऐवजी फेज-न्यूट्रलवर गेलात, तर अशा डिपला सगळ्यांत वाईट ६१ टक्के, म्हणजे १४० व्होल्ट. वाइड-रेंज सप्लायला हे काहीच नाही. एसी रिलेला मात्र ६१ टक्केही कमीच, त्यामुळे ते रिले २४ व्होल्ट डीसीवर आणा. २४ व्होल्टच्या बसवर अल्ट्राकपॅसिटरचा बफर मॉड्यूल लावा. बॅटरी नको, गरम-दमट पॅनेलमध्ये तिचं आयुष्य फार लवकर संपतं आणि ती संपल्याचं डिप झाल्यावरच कळतं.

इमर्जन्सी स्टॉपच्या साखळीतल्या कॉइलला होल्ड-इन (डिपमध्ये कॉइल धरून ठेवणारं उपकरण) लावू नका. साखळी उघडली की कॉइल पडलीच पाहिजे, कोणताही उशीर न होता. डीसी सेफ्टी रिलेचा सप्लाय बफर करा, त्याचे आउटपुट नाहीत.

होमोजिनायझरच्या ड्राइव्हला ८९-८९-४० म्हणजे जवळपास एका फेजवर चालणं, बसचं शिखर ५०० च्या आसपास आणि रिपल जोरात. पूर्ण लोडवर अंडरव्होल्टेज किंवा फेज-लॉसचा ट्रिप साहजिक. फेज-लॉस डिटेक्शनचा डिले वाढवता येतो का ते मॅन्युअलमध्ये बघा. तरीही पडत असेल, तर फक्त होमोजिनायझर, फ्लो पंप आणि गरम पाण्याचा पंप एवढ्यांच्याच फीडरला डिप कॉम्पेन्सेटर (डिपमधलं कमी पडलेलं व्होल्टेज भरून देणारं उपकरण). अख्ख्या प्लांटला नाही.


लाइन_तीन

यूपीएसचा प्रस्ताव मग थांबवतो. रिले बदलण्याआधी, कोणता पडतो हे डिपची वाट न बघता कसं शोधायचं? आणि पुढच्या यंत्राच्या खरेदीपत्रात काय लिहावं?


पॅनेलमधला_उंदीर

व्हेरिॲक (व्होल्टेज हाताने कमी-जास्त करता येणारा ट्रान्सफॉर्मर) घ्या. उत्पादन बंद, लाइन रिकामी, पॉवर सर्किट आयसोलेट करून लॉक केलेलं, हवा सोडलेली, फक्त कंट्रोल सप्लाय व्हेरिॲकमधून. २३० वरून ५-५ व्होल्टने खाली या, प्रत्येक पायरीला काही सेकंद थांबा, आणि काय सुटलं ते लिहा: रिले, कॉन्टॅक्टर, ट्रान्समिटर, एचएमआय. १६० ला पहिला रिले सुटला म्हणजे तुमची साखळी ७० टक्क्यांची. तो २४ व्होल्टवर न्या आणि पुन्हा खाली या, दुसरं काहीतरी पडेल. १४० च्या बरंच खाली जाईपर्यंत हेच. ही संथ चाचणी आहे, खऱ्या डिपमधला वेळेचा भाग तिला कळत नाही. पण कमकुवत कडी ओळखायला पुरते. ट्रान्समिटरकडे खास लक्ष ठेवा: काही पडत नाहीत, चुकीचा ४-२० मिलिॲम्पिअरचा सिग्नल पाठवतात, आणि पीएलसी त्यालाच खरं मानतो.

खरेदीपत्रात ‘चढउतार सहन करणारं’ असलं मोघम लिहू नका. सेमी एफ४७ या मानकाचा डिप सहन करण्याचा वक्र मागा: ५० टक्के व्होल्टेजला ०.२ सेकंद, ७० ला अर्धा सेकंद, ८० ला एक सेकंद. तो सेमीकंडक्टर यंत्रांसाठीचा आहे, पण इथेही चालतो. १६ ॲम्पिअरच्या वरच्या यंत्राला चाचणीची पद्धत आयईसी ६१०००-४-३४, त्याखाली ४-११. चाचणी एकेका फेजवर आणि फेज-फेजच्या तिन्ही जोड्यांवर, पूर्ण लोडवर.


होल्डिंग_ट्यूब

त्यात एक ओळ माझी घाला: ‘डिपनंतर यंत्र चालू राहिलं’ एवढं यश मानू नये. चाचणीच्या वेळी प्रवाह, होल्डिंग ट्यूबचं तापमान, रीजनरेटरचा दाब-फरक आणि डायव्हर्जन व्हॉल्व्हची स्थिती १०० मिलिसेकंद किंवा त्याहून कमी अंतराने नोंदलेली हवी. बहुतेक रेकॉर्डर एक सेकंदाने लिहितात, आणि तुमचा डिप आहे ९० मिलिसेकंदांचा.